खिडकीबाहेरचा प्लेबॅक

शाळेत मी सगळ्या मास्तरांचे आवाज काढायचो आणि त्यासाठी सगळ्या मास्तरांचा मार खाल्लाय. मुख्याध्यापकांचा तर इतका बरोबर काढायचो की एकदा भिंतीआडून "घंटा दे रे" म्हणालो, शिपायाने दिली, आणि अख्खी शाळा जेवायच्या आत घरी. तालुक्याच्या गावात करमणूक कमी असते. मार पडला, पण नाव झालं.

पुढे सिडनीला युनीत शिकायला आलो. क्वेकर्स हिलला पोरापोरांत एक घर घेतलेलं, तिथे घरमालकाचा आवाज काढून बाकीच्यांना भांडी घासायला लावायचो. मग पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याला, पॉइंट कमी पडले. कुणीतरी म्हणालं, रिजनलला जा, शहरापासून लांब राहिलं की जास्त पॉइंट मिळतात. गेलो. सिडनीपासून गाडीने दिवसभर लांब. एक बेकरी, एक पब, गव्हाचे सायलो म्हणजे उंच कोठारं आणि एक पेट्रोल पंप, ज्याला इकडे सर्वो म्हणतात. त्या सर्वोच्या काउंटरवर मी.

माझे पुण्याचे मित्र फोनवर म्हणायचे, अरे तिथे वेड लागेल तुला. मला काही लागलं नाही. आमच्या गावासारखंच होतं ते. गाई जाड, माणसं कमी, पण सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत.

काका रोज सकाळी दूध आणि पेपर घ्यायला यायचे. उंच, वाळलेले, गळ्याला कायम रुमाल. घशाचा कॅन्सर झालेला, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलेलं. बोलायचं असलं की खिशातून टॉर्चसारखं यंत्र काढायचे, गळ्याला टेकवायचे आणि ओठ हलवायचे. आवाज यंत्राचा. सगळा एका सुरात, बाटलीत अडकलेल्या भुंग्याने भाषण केल्यासारखा. इंग्लिशमध्ये सगळेच "यू", पण माझ्या डोक्यात ते पहिल्या दिवसापासून काका होते. इथेही काकाच म्हणतो, आणि त्यांचं बोलणं मराठीतच सांगतो, नाहीतर दर वाक्यात "मेट" येईल, म्हणजे मित्रा.

सर्वोत दिवसभर कंट्री म्युझिकचा रेडिओ चालू असायचा. एक गाणं इतक्यांदा लागायचं की मला पाठ झालेलं. गाण्यात एक बाई कपडे वाळत घालत असते आणि तिला लांबच्या वळणावर नवऱ्याच्या गाडीची धूळ दिसते. एवढंच. गाणारा मोठा स्टार. नाकात गायचा आणि शेवटचा शब्द म्हशीच्या शेपटीसारखा लांबवायचा. एका सकाळी मी काउंटरवर त्याची नक्कल करत दूध स्कॅन केलं. काकांनी यंत्र काढलं.

"आवाज बरोबर आहे. पण तो शेवटच्या शब्दाआधी श्वास घेतो, कारण त्याला पुरत नाही. मी तिथे घ्यायला सांगितलं नव्हतं."

"तुम्ही?"

"मी लिहिलंय ते."

मला वाटलं, म्हातारा फेकतोय. आमच्याकडेही प्रत्येक तालुक्यात एक जण असतोच, ज्याचं गाणं मुंबईच्या कुणीतरी चोरलेलं असतं. पण बेकरीवाल्या बाईला विचारलं तर ती माझ्याकडेच कीव येऊन बघायला लागली. "तुला माहीत नाही? अमेरिकेत गातात यांची गाणी. पबचं छप्पर त्यांनीच घालून दिलंय."

रविवारी त्यांनी घरी बोलावलं. गाणी खूप खपली की कंपनी सोनेरी रंगाची तबकडी फ्रेम करून देते. काकांच्या तशा फ्रेम लाँड्रीत टांगलेल्या, वॉशिंग मशीनच्या वर. म्हटलं, इथे का? तर म्हणाले, हॉलमध्ये लावल्या की पाहुणे दुसरं काही बोलतच नाहीत.

ते स्टेजवर कधीच गायले नव्हते. घरामागच्या शेडमध्ये बसून गाणं लिहायचे, स्वतःच गिटारवर म्हणून रेकॉर्ड करायचे आणि ते गायकाला पाठवायचे. याला डेमो म्हणतात. गायक तो ऐकून शिकतो, मग आपल्या आवाजात गातो. डेमो पुढे कुणी ऐकत नाही.

"आणि गाणं हिट झालं की?"

"की सगळ्यांना वाटतं, ते त्याच्या बायकोवर आहे."

असं म्हणून हसले. त्यांचं हसणं बिनआवाजी होतं. फक्त खांदे हलायचे.

वळणावरची धूळ बघणारी बाई म्हणजे काकू. काकू त्याच गावातल्या नर्सिंग होममध्ये होत्या, दोन गल्ल्या सोडून. विसरायला लागल्या होत्या. आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग घर कुठलं ते, मग माणसं. काका रोज दुपारी जाऊन त्यांचा हात धरून बसायचे. बोलावं लागायचं नाही. केस विंचरून द्यायचे, सूप भरवायचे, एवढ्यात दुपार जायची. मग कोविड आला आणि होमची दारं बंद झाली.

गाव तसं उघडं होतं. सर्वो चालू, बेकरी चालू. फक्त त्या एका बिल्डिंगमध्ये कुणालाच जाता येईना. तिथल्या लोकांनी खिडकी ठरवून दिली. काकू आत खुर्चीत, काका बाहेर बागेत, मध्ये काच. आतली नर्स फोन स्पीकरवर धरणार, बाहेरच्याने आपल्या फोनवरून बोलायचं. आता फोनवर हात धरता येत नाही. काकांनी यंत्र गळ्याला लावलं आणि काकू घाबरल्या. "कोण बोलतंय हे? माझ्या नवऱ्याला द्या फोन."

दुसऱ्या वेळी काकांनी डोकं लढवलं. जुना डेमो लावला. त्यात गाण्याच्या आधी ते थोडं बोललेले असायचे, गायकासाठी. काकूंनी लगेच ओळखलं. खूश झाल्या, भराभरा बोलायला लागल्या. पण रेकॉर्डिंग उत्तर कसं देणार? काकू विचारत राहिल्या, "बोलत का नाहीस? माझं काही चुकलं का?"

हे सगळं काकांनी मला यंत्रातून सांगितलं. आवाज तसाच, एका पट्टीत. मी डोळ्यांकडे बघायचं टाळलं. मग म्हणाले, "माझी नक्कल कर."

मी यंत्राची केली. ती मी आधीच बसवून ठेवली होती, खोटं कशाला बोलू. काकांचे खांदे हलले. मग त्यांनी मान हलवली.

"हा नाही. आधीचा."

आणि पेनड्राइव्ह दिला.

त्यात ढीगभर गाणी होती, पण मला गाणी नको होती. मला गाण्यांच्या मधली जागा हवी होती. "हे जरा सावकाश घे." खोकला. "थांब, कुत्रा आत आला." "लव्ह, जरा दार ओढून घे." त्यांचा बोलायचा आवाज जगात फक्त तेवढाच उरला होता. मी तो ऐकत रॅक भरायचो. लक्षात आलं की ते वाक्याचा पहिला शब्द जरा ढकलून सुरू करतात, जुनी गाडी चढावर सुरू करावी तसा. आणि काकूंना "लव्ह" म्हणताना अर्धा शब्द आतच ठेवतात. काउंटरवर गिऱ्हाइकांवर सराव केला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हटलं, पावती हवी का. तो दाराकडे वळून बघायला लागला. मग माझ्याकडे बघितलं. पैसे ठेवले आणि पावती न घेताच गेला.

काकांना त्यांच्याच किचनमध्ये ऐकवलं. ते सिंकपाशी पाठ करून उभे होते. तोच कप बराच वेळ धूत राहिले. मग यंत्र काढलं.

"जरा म्हातारा कर. ते डेमो जुने आहेत."

मला थोडी भीती होती. फसवणूक आहे का ही? काकांना म्हटलं, आमच्याकडे याला प्लेबॅक म्हणतात. पडद्यावर हीरो ओठ हलवतो, आवाज भलत्याचाच. सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे रडतात. काकांना ते फार आवडलं. "मग तू लाजू नकोस," म्हणाले.

आत फोन धरणारी नर्स केरळची होती. तिला आम्ही सगळं सांगितलं. ती माझ्याशी हिंदीत बोलायची. "भैया, रोईं तो मैं फोन काट दूँगी, समझे?" म्हटलं, समझा.

ठरलं असं. काका खिडकीसमोर उभे राहणार. मी बाजूला, विटांच्या भिंतीला चिकटून, काकूंना दिसणार नाही असा, फोन हातात. काकांकडे लहान मुलांची पुसायची पाटी. खिडकीच्या खाली, माझ्या बाजूला धरलेली. काकू काही म्हणाल्या की काका त्यावर उत्तर लिहिणार आणि मी म्हणणार. ओठ जुळवायची आम्ही घरी खूप प्रॅक्टिस केली. साउथचा पिक्चर हिंदीत डब केल्यासारखं दिसायचं. पण आवारात मास्क घालावाच लागायचा, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मास्कआड कुणाचेही ओठ कुणालाही जुळतात.

पहिल्या दिवशी मी फोन तोंडाशी धरला. मी म्हणालो, "कशी आहेस, लव्ह?"

आत काकूंनी फोनकडे बघितलं. मग, "कुठे होतास तू?"

काकांचं पेन पाटीवर करकरलं. मी म्हणालो, "शेडमध्ये. गाणं अडलं होतं."

"दुसऱ्या कडव्यात?"

"दुसऱ्या कडव्यात."

"तू नेहमी तिथेच अडतोस. पहिल्यातच सगळं सांगून टाकतोस."

काका पाटी धरून उभे होते. त्यांना पुढे काही लिहिता येईना. मी आपलं खोकलो, त्यांच्यासारखं. तेवढं जमत होतं मला.

मग आठवड्यातून दोनदा जायला लागलो, माझ्या शिफ्टप्रमाणे. मी पदरचं काही घालायचं नाही, हा काकांचा नियम. काकू विचारायच्या, मला घरी कधी नेणार? मी आमच्या घरात वाढलेला. आमच्याकडे आजारी माणसाला हो म्हणतात. उद्या नेऊ, परवा नेऊ, तू आधी जेव. माझ्या जिभेवर ते आलेलंच असायचं. पण पाटीवर असायचं, "दारं बंद आहेत, लव्ह. सगळ्यांचीच." एकदा गाडीत मी भांडलो. म्हटलं, उद्या म्हणायला काय जातं? काका म्हणाले, "ती उद्या कोट घालून दारात बसेल. तिने मला वळणावरून येताना बघितलंय, दर वेळी. मी येतो म्हटलं की येतो."

काकू फुलत गेल्या. नर्स म्हणाली, जेवतात नीट, हसतात. फोन आता स्वतःच्या हातात धरायच्या, कानाला लावून, डोळे मिटून. मला भिंतीपाशी उभं राहून भारी वाटायचं. इतकी वर्षं आवाज काढून लोकांना हसवलं होतं. कुणाच्या उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ.

काय होतंय ते मला फार उशिरा दिसलं. काकू आता खिडकीकडे बघत नव्हत्या. नवरा फोनमध्ये होता, खिडकीत कशाला बघतील. एका दुपारी थंडगार वारा सुटला होता. आम्ही कुत्र्याबद्दल बोलत होतो. काकूंनी मध्येच डोळे उघडले.

"ऐक ना. बाहेर एक माणूस उभा असतो. आजही आहे. मास्क लावलेला. गारठलाय बिचारा. कोण आहे रे तो?"

मी काकांकडे बघितलं. तोंड अर्धं झाकलेलं, ऑपरेशननंतर अंगावर मांस राहिलं नव्हतं, आणि आवाज तर मी घेऊन बसलो होतो. ओळखणार कशावरून? पाटी कोरी होती. मी म्हणालो, "कोण, लव्ह?" उगाच वेळ काढायला.

"तो. लांबडा."

पेन चाललं. मी वाचलं आणि काकांकडे बघितलं. त्यांनी पाटीवर बोट ठोकलं. म्हण.

"शेजारी आहे," मी त्यांच्या आवाजात म्हणालो. "चांगला माणूस आहे."

"मग इथे काय करतोय?"

पुसलं. लिहिलं. "त्याची बायको आत आहे."

"अगंबाई," अशा काहीतरी अर्थाचं काकू म्हणाल्या. मग त्यांनी काचेकडे बघून हात हलवला. पाहुण्याला हलवतात तसा, सभ्य. काकांनीही हलवला.

पुढच्या वेळी काका यूटमधून उतरलेच नाहीत. यूट म्हणजे मागे ट्रकसारखी उघडी गाडी. त्यांनी ती खिडकीच्या कडेला लावली आणि आत बसूनच पाटी धरली. काकू बोलल्या थोडं. मग म्हणाल्या, "आज तो आला नाही. त्याच्या बायकोला काही झालं नाही ना?"

मागे यूटचं दार उघडल्याचा आवाज आला. काका उतरले, मास्क सारखा केला आणि खिडकीसमोर जाऊन उभे राहिले. शेजारी म्हणून. तेव्हापासून तसेच राहायचे.

मी म्हटलं, काका, थांबवूया हे.

"का? ती खूश आहे."

"पण तुम्ही..."

"मी आयुष्यभर हेच केलंय. शब्द माझे, ऐकतात त्याला. सवय आहे."

सवय आहे, हे यंत्रातून ऐकलं की त्यात काय आहे ते काही कळत नाही. ते त्या यंत्राचं चांगलं होतं.

थंडी वाढली तशी काकूंची छाती भरली. कोविड नव्हता, टेस्ट केली होती. साधाच न्यूमोनिया, पण वय झालेलं. नर्सचा फोन मला आला, कारण काकांना फोनवर बोलता येत नाही. म्हणाली, अब ज़्यादा नहीं है, भैया. गाऊन, मास्क, ग्लव्ह्ज घालून एकाला आत सोडणार. एकालाच.

मी काउंटर सोडून काकांच्या घरी गेलो. ते शेडमध्ये होते. सांगितलं. त्यांनी गिटार भिंतीला टेकवली. मग यंत्र.

"तू जा."

"मी?"

"तिच्या ओळखीचा तूच आहेस."

माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडलं. "असं कसं, काका? वेड लागलंय का तुम्हाला?" त्यांना शब्द कळले नाहीत, पण ओरडलोय ते कळलं. माझा स्वतःचा आवाज त्यांनी तसा बहुतेक पहिल्यांदाच ऐकला. मग मी इंग्लिशमध्ये शांतपणे सांगितलं. तुम्ही आत जा. फोन खिशात स्पीकरवर चालू ठेवा. मी बाहेर गाडीत बसतो, मी बोलतो. खिडकीऐवजी खिसा.

त्यांनी एका कागदावर ओळी लिहिल्या. लिहायला वेळ लागला नाही. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, शेवटी गाणी लिहिणारा माणूस. पण सगळं साधंच होतं. नळ दुरुस्त केला. कुत्र्याने चप्पल खाल्ली. कपडे वाळलेत, आत आणून ठेवले.

मी यूटमध्ये बसलो. फोनमधून आधी कपड्यांची खसखस आली, मग नर्सचा आवाज, मग मशीनची फुसफुस आणि त्यामागे काकूंचा श्वास. तो श्वास मी अजून कुणाची नक्कल करताना वापरलेला नाही. मी सुरू केलं. "कशी आहेस, लव्ह." नळाची ओळ म्हणालो. कुत्र्याची म्हणालो. काकूंनी हं केलं. कपड्यांच्या ओळीवर माझं बोट होतं, मी श्वास घेतला, आणि त्याच ओळीचा पहिला शब्द फोनमधून माझ्याकडे आला.

भुंग्याचा आवाज. यंत्र.

मी थांबलो. यंत्राने ती ओळ पूर्ण केली, आणि पुढची सुरू केली, जी माझ्या कागदावर नव्हतीच. आता काकू घाबरतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. त्या काहीतरी बोलायला लागल्या. कुजबुज होती, प्रश्नासारखी. ते माझ्यासाठी नव्हतं. मी फोन कट केला.

काका खूप उशिराने बाहेर आले. काकू त्यानंतर एक रात्र होत्या, पण पुन्हा जाग्या अशा झाल्या नाहीत. ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. काका शेजारच्या सीटवर बसले. बेल्ट लागेना, मी लावून दिला.

"घाबरल्या का?" मी विचारलं.

त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "नाही. म्हणाली, तुम्ही ते शेजारी ना?"

"मग?"

"मी हो म्हणालो." त्यांनी यंत्र जरा खाली घेतलं, आणि परत लावलं. "तिने विचारलं, बायको भेटली का तुम्हाला. म्हटलं, भेटली."